दान वेगळं, हक्क वेगळा: वाचकांचे प्रश्न

धर्म आणि गरिबांना मिळणारी सरकारी मदत या विषयावर ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं या अंकात घेतली आहेत. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण त्या पत्रातली चूक अभ्यासकांकडूनही होते आणि तिच्यावरून एखाद्या समाजाबद्दल कायमचं मत बनतं.

प्रश्न: मी समाजशास्त्रात एम.ए. करते आहे. लघुप्रबंधासाठी "धर्म आणि गरिबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीविषयीची मतं" हा विषय घेतला. गूगल फॉर्म तयार करून व्हॉट्सॲपवर फिरवला आणि २१२ उत्तरं आली. एका धर्माचे बहुसंख्य लोक योजनांच्या बाजूने, तर दुसऱ्या धर्माचे विरोधात दिसतात. एवढ्यावर निष्कर्ष लिहिला तर चालेल का?
– विद्यार्थिनी, वर्तकनगर, ठाणे

उत्तर: नाही, एवढ्यात लिहू नका. तुमची आकडेमोड बरोबर असेलही. अडचण आहे ती ही उत्तरं कोणाकडून आली याची. व्हॉट्सॲपवरचा फॉर्म ओळखीओळखीत फिरतो: कॉलेजचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, नातेवाइकांचा ग्रुप. निराधार योजनेच्या यादीत जिचं नाव आहे त्या बाईपर्यंत तो पोचत नाही. पोचला तरी छोट्या मोबाइलवर बारा प्रश्न वाचून भरायला तिला सवड नसते. म्हणजे ज्या मदतीबद्दल विचारायचं, ती मदत घेणारेच तुमच्या पाहणीतून गळले.

दुसरी अडचण संख्येची. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हिंदू ७९.८३ टक्के, मुस्लिम ११.५४, बौद्ध ५.८१, जैन १.२५ आणि ख्रिस्ती ०.९६ टक्के होते. ठाण्यात वस्तीगणिक हे प्रमाण बदलतं. मुंब्रा, कोपरी आणि नौपाडा यांचा तोंडवळा एक नाही. तरी अंदाजासाठी हेच प्रमाण धरा. ४०० माणसं चिठ्ठ्या टाकून निवडली, तर त्यांत मुस्लिम सुमारे ४६, बौद्ध २३, जैन ५ आणि ख्रिस्ती ४ येतील. २३ जणांच्या उत्तरांवरून टक्केवारी काढली, तर ती दोन्ही बाजूंना वीस-वीस टक्क्यांनी हलू शकते. पाच जणांची तर टक्केवारीच काढू नये.

म्हणून सगळ्या धर्मांची तुलना करण्याचा हट्ट सोडा. दोन किंवा तीन गट घ्या आणि प्रत्येक गटातून ठरवून पुरेशी माणसं गाठा. पुरेशी म्हणजे किती? एका गटात ५० टक्के आणि दुसऱ्यात ६५ टक्के पाठिंबा आहे, हा फरक खरोखरचा असेल तर तो पकडण्यासाठी प्रत्येक गटात साधारण १७० माणसं लागतात. फरक दहाच टक्क्यांचा असेल, तर प्रत्येकी ३८५च्या आसपास. एकट्या विद्यार्थिनीला तीन महिन्यांत ३४० मुलाखती जमू शकतात. ७७० जमणार नाहीत. तेव्हा दोन गट, प्रत्येकी १७०, आणि "दहा टक्क्यांपर्यंतचा फरक या पाहणीत दिसणार नाही" हे प्रबंधात आधीच लिहून टाका. मार्गदर्शकांना ते आवडेल.

आता मुख्य गोष्ट. धर्मामुळे मत बदललं, की घरामुळे? समजा, 'अ' गटाची १०० माणसं आहेत. त्यांतली ८० घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहतात आणि २० चाळीत. 'ब' गटाची १०० माणसं बरोबर उलटी: २० टॉवरमध्ये, ८० चाळीत. टॉवरमधल्या लोकांपैकी ३० टक्के योजनांच्या बाजूने आहेत, मग धर्म कोणताही असो. चाळीतले ७० टक्के बाजूने आहेत, तिथेही धर्म कोणताही असो. आता एकूण बेरीज करा. 'अ' गटातून २४ आणि १४ मिळून ३८ जण बाजूने. 'ब' गटातून ६ आणि ५६ मिळून ६२. तक्त्यात २४ टक्क्यांचं अंतर दिसतं आणि मथळा तयार होतो: "'ब' धर्माचे लोक सरकारी मदतीच्या बाजूने". प्रत्यक्षात धर्माचा परिणाम शून्य होता. तुमच्या २१२ उत्तरांत हेच झालं असण्याची शक्यता मोठी आहे.

याचा ठळक पुरावा अमेरिकेतला आहे. प्यू रिसर्च सेंटरने २०१४ साली ३५ हजारांहून जास्त प्रौढांना दोन विधानं वाचून दाखवली. गरिबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीने नुकसानापेक्षा भलं जास्त होतं, हे एक, आणि भल्यापेक्षा नुकसान जास्त होतं, हे दुसरं. यांपैकी पटणारं निवडायचं होतं. इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट पंथीयांत (हे बहुतांशी गोरे) नुकसान म्हणणारे जास्त निघाले, कृष्णवर्णीयांच्या परंपरागत प्रोटेस्टंट चर्चमधल्या लोकांत भलं म्हणणारे जास्त. दोघांचं बायबल एक, रविवारची प्रार्थना एक. गुलामगिरी, वंशभेद, वस्ती आणि मिळकत यांचा इतिहास मात्र दोन टोकांचा. नुसत्या "ख्रिस्ती" या रकान्यात हे दोन्ही गट एकत्र टाकले असते, तर काहीच कळलं नसतं. आपल्याकडे "हिंदू" किंवा "मुस्लिम" या एका रकान्यात जात, भाषा, गाव आणि धंदा यांच्या कितीतरी तऱ्हा मावतात, हे ध्यानात ठेवा.

म्हणून प्रश्नपत्रिकेत धर्माचं नाव हा एकच प्रश्न पुरणार नाही. धर्म कोणता, ही एक गोष्ट. मंदिर, मशीद, विहार, देरासर, चर्च किंवा गुरुद्वारा इथे किती वेळा जाणं होतं, ही दुसरी. गेल्या बारा महिन्यांत दान, जकात (मुस्लिमांचं बंधनकारक धार्मिक दान) किंवा वर्गणी दिली का, ही तिसरी. धार्मिक संस्थेकडून कधी मदत घेतली का, ही चौथी. आणि सर्वांत महत्त्वाची पाचवी: घरात कोणाला सरकारी योजनेचा लाभ मिळतो का. हा शेवटचा प्रश्न गाळलात, तर पाहणीतला जीवच गेला.

मिळकत थेट विचारली की लोक आकडा कमी सांगतात किंवा गप्प होतात. त्याऐवजी रेशन कार्डाचा रंग विचारा: पिवळं, केशरी की पांढरं. तेवढ्यावर मात्र थांबू नका. केशरी कार्ड दहा-पंधरा वर्षांपूर्वी काढलेलं असतं आणि कुटुंब मधल्या काळात वर आलेलं असतं, किंवा कारखाना बंद पडून खाली गेलेलं असतं. जोडीला खोली भाड्याची की स्वतःची, नळ घरात की सार्वजनिक, आणि कमावती माणसं किती, हे तीन प्रश्न ठेवा. धर्म आणि जात शेवटच्या पानावर विचारा. ते आधी विचारले की पुढची सगळी उत्तरं "आमच्या समाजाने कसं दिसावं" या विचाराने येतात.

शब्दांचं काय होतं तेही पाहा. अमेरिकेतल्या जनरल सोशल सर्व्हेत १९८०च्या दशकापासून एक प्रयोग चालू आहे. "गरिबांना मदत" यावर सरकार फार कमी खर्च करतं का, असं काहींना विचारतात. बाकीच्यांना "गरिबांना मदत" या शब्दांच्या जागी सरकारी योजनांना तिथे रूढ असलेला "वेल्फेअर" हा शब्द घालून तोच प्रश्न करतात. पहिल्या प्रश्नाला मोठी बहुसंख्या हो म्हणते, दुसऱ्याला थोडेच लोक. शब्द बदलला आणि मत फिरलं. मराठीत "फुकट वाटप", "सवलत", "अनुदान", "मदत" आणि "हक्क" या पाच शब्दांचा वास पाच तऱ्हांचा आहे. तुम्ही फॉर्ममध्ये "फुकट योजना" लिहिलं असेल, तर विरोध तुमच्या शब्दानेच मिळवला. दोन प्रश्नपत्रिका छापा, एक पांढऱ्या कागदावर, एक पिवळ्या. पांढरीत "गरीब कुटुंबांना दरमहा धान्य देणं ही सरकारची जबाबदारी आहे की नाही?" असं, पिवळीत "गरीब कुटुंबांना दरमहा मोफत धान्य सरकारने वाटावं की नाही?" असं विचारा. एका घरात पांढरी, पुढच्यात पिवळी. दोन रंगांतला फरक दोन धर्मांतल्या फरकापेक्षा मोठा निघाला, तर तोच तुमच्या प्रबंधाचा खरा निष्कर्ष.

"तुम्हाला पटतं का?" असा प्रश्न टाळा. आपल्याकडे दारात आलेल्या मुलीला नाही म्हणवत नाही, "हो बाळा, पटतं" असं उत्तर येतं. दोन उलट विधानं वाचून "यातलं कुठलं जास्त बरोबर वाटतं?" असं विचारा, आणि विधानांचा क्रम घरागणिक पालटा.

जमलं तर एक छोटा भाग अजून जोडा. चार माणसांची दोन-दोन ओळींत ओळख द्या: सत्तरीची एकटी विधवा, पूर्ण वेळ राबूनही भागत नसलेला वॉचमन, दारूपायी काम सुटलेला माणूस, परराज्यातून आलेला बांधकाम मजूर. प्रत्येकाला सरकारने दरमहा मदत द्यावी का, हे विचारा. "गरीब" म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे यांपैकी कोण उभं राहतं, यावर सगळं उत्तर ठरतं. विधवेला विरोध करणारा माणूस तुम्हाला कुठल्याही धर्मात क्वचितच भेटेल.

दारोदार जाण्याबद्दल थोडं. टॉवरमध्ये आधी सेक्रेटरींना कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र द्या, नाहीतर गेटवरूनच परत याल. रविवारी सकाळी अकरानंतर लोक बोलतात. चाळीत आणि झोपडपट्टीत पाण्याची वेळ आधी विचारून घ्या. नळ सुरू असताना कोणी उत्तर देणार नाही, आणि त्या वेळी प्रश्न विचारणं बरंही नाही. मुंब्र्यात शुक्रवारी दुपारी जाऊ नका. रमझानात, पर्युषणात आणि गणपतीच्या दिवसांत दानाचा विषय सगळीकडे असतो, त्या दिवसांतली उत्तरं इतर दिवसांच्या उत्तरांत मिसळू नका. एखाद्या योजनेचा हप्ता खात्यात जमा झाल्याच्या किंवा थकल्याच्या आठवड्याचंही तेच. मुलाखत घेणाऱ्याचं आडनाव, टिकली, टोपी, बुरखा, गळ्यातला क्रॉस हे सगळं समोरच्याला दिसतं आणि उत्तर त्याप्रमाणे वळतं. दोन वेगळ्या समाजांतल्या मैत्रिणी सोबत घ्या, घरं चिठ्ठ्या टाकून वाटून घ्या, आणि कोणाची मुलाखत कोणी घेतली हे प्रत्येक कागदावर लिहा. नंतर तपासता येतं.

दार उघडेल त्याची मुलाखत घेऊ नका. दुपारी दार उघडणारी व्यक्ती बहुतेक वेळा गृहिणी किंवा आजोबा असतात. घरातल्या प्रौढांपैकी ज्यांचा वाढदिवस सर्वांत आधी येणार आहे त्यांना विचारा. ते घरी नसतील तर पुन्हा जा, निदान दोनदा. आधार क्रमांक आणि मोबाइल नंबर घेऊ नका. तुम्हाला त्यांचा उपयोग नाही, आणि देणाऱ्याला वाटतं की यादीतून नाव कापायला कोणी आलं आहे.

शेवटी तक्ता करताना धर्माचे रकाने टॉवर आणि चाळ असे वेगळे मांडा. एखाद्या चौकटीत अपेक्षित संख्या पाचाच्या खाली आली, तर काय-वर्ग (chi-square) चाचणी, म्हणजे फरक योगायोगाचा की खरा हे पाहणारी संख्याशास्त्रातली चाचणी, तिथे लावू नका. वेगळे मांडल्यावरही फरक उरला, तर मग धर्माबद्दल लिहा.

प्रश्न: आमच्या सोसायटीत माघी गणपतीला भंडारा होतो, लोक हजारो रुपये हसत देतात. तेच लोक रेशन आणि लाडकी बहीण योजनेचं नाव काढलं की "आमच्या टॅक्सवर चैन" म्हणून चिडतात. धर्म दान शिकवतो, तर ही मंडळी सरकारी मदतीवर का रागावतात?
– निवृत्त शिक्षक, नौपाडा, ठाणे

उत्तर: गुरुजी, हा विरोधाभास ढोंगातून येत नाही. दान आणि कर यांचं नातंच वेगळं आहे. भंडाऱ्यात देणारा स्वतः ठरवतो, किती द्यायचं, कोणाला, कधी. पानावर वाढताना समोरचा चेहरा दिसतो, पुण्याची जोड असते. कर कापून जातो, कोणाला पोचला ते दिसत नाही, त्याचे आभारही कोणी मानत नाही.

त्यातच "पात्र" हा शब्द पाहा. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाच्या अटी दिल्या आहेत: योग्य देश, योग्य काळ आणि योग्य पात्र, तेही परतफेडीची अपेक्षा न धरता. सरकारी यादीवरही शब्द तोच आहे: पात्र, अपात्र. पण अर्थ पालटलेला आहे. दानात पात्रता देणारा ठरवतो, मनाने. योजनेत ती कायदा किंवा शासन निर्णय ठरवतो, वयाने, उत्पन्नाने, कागदाने. तुमच्या शेजाऱ्यांच्या मनात पहिला अर्थ असतो. त्यामुळे ज्याला ते ओळखत नाहीत त्याला "पात्र" म्हटलेलं त्यांना खटकतं.

याला अभ्यासाचाही आधार आहे. केनेथ शीव आणि डेव्हिड स्टासावेज या अमेरिकन अभ्यासकांनी २००६ साली अनेक देशांची आकडेवारी तपासून मांडलं, की जास्त धार्मिक माणसं सरकारी सामाजिक विम्याला, म्हणजे आजारपण, बेकारी, म्हातारपण यांत मिळणाऱ्या सरकारी आधाराला, कमी पाठिंबा देतात. त्यांचं स्पष्टीकरण असं, की संकटात श्रद्धाच माणसाला आधार देते, म्हणून सरकारच्या आधाराची गरज त्याला कमी भासते. हे धर्माच्या नावाबद्दल नाही, धार्मिकतेच्या तीव्रतेबद्दल आहे. आपल्या सोसायट्यांना ते जसंच्या तसं लागू करू नये, पण विचार करायला उपयोगी आहे.

"आमचा टॅक्स" या वाक्यावर सोसायटीत बोलायचं असेल, तर कोणाचं तरी पगारपत्रक मागवा. त्यात व्यवसाय कराची ओळ असते: बहुतेकांची दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. हा कर महाराष्ट्रात १९७५च्या कायद्याने आला आणि तो आणण्याचं कारण होतं रोजगार हमी योजना. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या योजनेने खडी फोडणाऱ्या, बांध घालणाऱ्या गावकऱ्यांना मजुरी दिली. तिचा खर्च शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून उचलला गेला. बांधावर कोणी धर्म विचारला नाही. ठाण्यातल्या आजच्या कितीतरी कुटुंबांचे आजी-आजोबा मराठवाड्यात, माणदेशात त्या कामांवर होते. आपल्या घरातलं हे बहुतेकांना आठवत नाही, आणि आठवण करून दिली की चर्चेचा सूर नक्की बदलतो.

"रेशनचा तांदूळ विकतात" हा मुद्दाही हमखास निघेल. काही विकतात, खरं आहे. तेल, गॅस आणि औषध तांदळाने येत नाही, रोख लागते. त्यावरून मदत नको असं ठरत नाही, मदत कुठल्या रूपात हवी एवढंच ठरतं.

प्रश्न: आमच्या मोहल्ल्यातली कमिटी जकातीतून विधवांना रेशन किट देते. काही बुजुर्ग म्हणतात, जकात नीट गोळा केली तर सरकारकडे हात पसरायची गरजच नाही. हे कितपत शक्य आहे?
– गृहिणी, कौसा, मुंब्रा

उत्तर: हिशोबच करून पाहू या. जकात साठलेल्या संपत्तीच्या अडीच टक्के, चांद्रवर्ष पूर्ण झाल्यावर. निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, साडेसात तोळे सोनं, म्हणजे सुमारे ८७.४८ ग्रॅम, किंवा साडेबावन्न तोळे चांदी, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. त्याखाली जकात फर्ज, म्हणजे बंधनकारक, नाही. लाख रुपयांवर जकात होते २,५०० रुपये.

संजय गांधी निराधार योजनेचे दरमहा १,५०० धरले, तर एका विधवेला वर्षाला १८,००० लागतात. तेवढी जकात निघायला ७ लाख २० हजारांची जकातपात्र संपत्ती लागते. शंभर विधवांसाठी ७ कोटी २० लाखांची, आणि तीही दर वर्षी न चुकता. शिवाय जकात फक्त गरिबांची नाही. कुरआनात तिचे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत कर्जात बुडालेले आणि वाटेत अडकलेले मुसाफिरही येतात.

धान्याचं पाहा. सर्वांत गरीब कुटुंबांच्या अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, वर्षाला ४२० किलो. शंभर कुटुंबांचं ४२ टन. एका माणसाच्या पानाला १०० ग्रॅम तांदूळ धरला, तर ही ४ लाख २० हजार पानं होतात. कोणत्याही कमिटीला, मंडळाला किंवा चर्चच्या सेवागटाला हे वर्षानुवर्षं पेलणारं नाही.

पण तुमच्या बुजुर्गांच्या बोलण्यात एक मोठा खरा भाग आहे. सरकार हळू चालतं. नवरा गेल्यावर मृत्यूचा दाखला, रेशन कार्डातून नाव कमी करणं, उत्पन्नाचा दाखला, बँक खात्याला आधार जोडणं आणि समितीची मंजुरी यात महिने जातात. त्या काळात चूल पेटती ठेवणं हे मोहल्ल्याचं काम, आणि ते मोहल्लाच करू शकतो. कमिटीने किटबरोबर एक वही ठेवावी: कोणाचा कोणता कागद अडला, कोणत्या तारखेला, कोणत्या टेबलावर. बहुतेक अर्ज दोन ठिकाणी अडतात. आधारवर एक नाव आणि मृत्यूच्या दाखल्यावर दुसरं, उदाहरणार्थ "शेख" आणि "शैख". किंवा उत्पन्नाचा दाखला ज्या वर्षाचा लागतो त्याच्या आधीच्या वर्षाचा. निराधारसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. दाखल्यावर तलाठ्याच्या चौकशीतून थोडा मोठा आकडा आला, की अर्ज तिथेच थांबतो. दाखला हातात पडताच आकडा वाचा आणि चूक असेल तर लगेच हरकत द्या. नंतर दुरुस्ती फार जड जाते.

जकातीच्या पैशातून अर्जाचा खर्च, झेरॉक्स आणि रिक्षा भागवता येते का, हे तुमच्या मुफ्तींना विचारून ठरवा. तो फतव्याचा विषय आहे, आमचा नाही.

प्रश्न: धर्म बदलला की रेशन आणि इतर योजना बंद होतात, असं वस्तीत कोणीतरी सांगितलं. आमच्या घरचे आजोबांपासून बौद्ध आहेत. मुलाचं जातप्रमाणपत्र काढायचं आहे. भीती वाटते.
– दिघा, नवी मुंबई

उत्तर: रेशनला धर्माची अट नाही, कधीच नव्हती. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य आहे आणि त्यासाठी उत्पन्न पाहतात. निराधार, श्रावणबाळ, लाडकी बहीण आणि महात्मा फुले जनआरोग्य या योजनांतही धर्माची अट नाही. आर्थिक दुर्बल घटकांचं १० टक्के आरक्षण २०१९पासून आहे, त्यालाही धर्म लागत नाही, इतर आरक्षणात न बसणं आणि ८ लाखांच्या आत उत्पन्न या मुख्य अटी आहेत.

धर्म जिथे लागतो ती जागा एकच मोठी: अनुसूचित जातीचा दर्जा. १९५०च्या आदेशात तो जवळपास फक्त हिंदूंनाच होता. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतलं. म्हणून तुमच्या मुलाचा हक्क शाबूत आहे. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. अल्पसंख्याकांच्या शिष्यवृत्तीसारख्या योजना अधिसूचित सहा समाजांसाठी आहेत: मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४पासून जैन.

जातप्रमाणपत्रासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा प्रवेश नोंदवहीचा उतारा असेल तर उत्तम. शाळा शिकलेलं कोणी नसेल, तर मूळ गावच्या तहसीलमधून कोतवाल बुकाची नक्कल काढा. तीत जन्म-मृत्यूच्या नोंदीजवळ जात लिहिलेली असते. मुलाच्या दाखल्यावर नुसतं "बौद्ध" लिहिलेलं असलं, की पूर्वीची जात जोडणारा हा जुना कागद अटळ होतो. वडिलांचं प्रमाणपत्र आधीच निघालं असेल, तर ते आणि नातं सिद्ध करणारा मुलाचा जन्मदाखला सोबत द्या, काम बरंच हलकं होतं. प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी देतात. त्याची वैधता जिल्हा जात पडताळणी समितीकडून वेगळी घ्यावी लागते. बारावीच्या निकालानंतर धावाधाव करण्यापेक्षा अकरावीतच अर्ज टाका.

प्रश्न: धार्मिक ट्रस्टच्या रुग्णालयात गरिबांवर मोफत उपचार करणं ट्रस्टच्या मर्जीवर असतं का?
– नेरूळ, नवी मुंबई

उत्तर: मर्जीवर नाही. ट्रस्ट कोणत्याही धर्माचा असो, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या आणि वार्षिक खर्च ५ लाखांहून जास्त असलेल्या धर्मादाय रुग्णालयाला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना १ लाख ८० हजार, दुर्बल घटकांना ३ लाख ६० हजार. या खाटांची तरतूद त्याच कायद्याच्या कलम ४१ ककमध्ये आहे. रेशन कार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत न्या. काउंटरवर वाद घालत बसू नका, वैद्यकीय समाजसेवकाची खोली विचारा आणि अर्ज तिथे द्या. तातडीचा रुग्ण असेल तर कागदांसाठी थांबू नका. आधी दाखल करून जीव वाचवणारे उपचार देणं रुग्णालयावर बंधनकारक आहे, आणि अशा रुग्णाकडून अनामत रक्कम मागता येत नाही. नकार दिला, तर तो लेखी मागा आणि तेच कागद जोडून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करा.